बोट द्या बघू!

बजाजनगरात कंपनीतून निवृत्त झालेला माणूस पुढे काय करणार, हे साधारण ठरलेलं असतं. कुणी गावाकडची शेती बघतो, कुणी रो-हाऊसवर आणखी एक मजला चढवतो, कुणी आषाढीच्या यात्रेत छोट्या पंढरपुराला सेवेकरी होतो. नानांनी मात्र शार्ङ्गदेव धरला.

नाना टूलरूमचे. सगळी नोकरी लेथ आणि ग्राइंडरपुढे. ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ तेराव्या शतकात इथेच देवगिरीला, सिंघण यादवाच्या राज्यात लिहिला गेला, हे त्यांना फार उशिरा कळलं. त्याचा कर्ता शार्ङ्गदेव दरबारचा मुख्य हिशेबनीस होता, हे कळलं आणि मग नाना आमचे राहिले नाहीत. “हिशेबाचा माणूस! म्हणून तर मापं देतो. नाहीतर तुमचे कवी, नुसती मधुर मधुर बासरी!”

ग्रंथाच्या वाद्याध्यायात बासऱ्यांची यादी आहे : एकवीर, उमापती, त्रिपुरुष, चतुर्मुख... फुंकायचं छिद्र आणि पहिलं बोटाचं छिद्र यांच्यात एक अंगुळ अंतर असेल तर एकवीर, दोन असेल तर उमापती, असं चढत जायचं. शिवाय पावा, पाविका, मुरली, मधुकरी. नानांचा जीव नेमका सगळ्यात लहान एकवीरावर जडला. मोठ्या बासऱ्या वाजवायला जग आहे, म्हणतात. धाकट्यांना कोण विचारतं? वासुदेवाच्या शेल्यात खोचलेला पावा, धनगराचं अलगूज, सोलापूरच्या जाधव घराण्यानं जपलेली सुंदरी, म्हणजे सनईची वीतभराहून जराशी मोठी धाकटी बहीण, यांच्याबद्दल बोलताना नानांचा आवाजही पट्टी चढवून येतो. पिपाणी हा शब्द मात्र त्यांच्यासमोर काढायचा नाही. जत्रेतल्या पोरानं काढला तरी त्याला जागेवर उभं करून समजावतात.

त्यांच्या खिशात व्हर्निअर कॅलिपर असतो. विद्यापीठामागच्या औरंगाबाद लेण्यांत, सातव्या क्रमांकाच्या लेण्यात, नर्तकीभोवती वाद्यं घेतलेल्या बायका कोरल्या आहेत, त्यात एक बासरीवाली. शिल्पाला हात लावायचा नाही म्हणून नाना लांबूनच, एक डोळा मिटून, हवेत कॅलिपर धरतात. काकू तोवर पायऱ्यांवर बसून शेंगा सोलतात. “नर्तकीकडे बघत असते तर भांडले तरी असते,” एवढंच म्हणतात.

बाहेरच्या जगाचीही नानांना खबर असते. युरोपात वीतभरसुद्धा नसलेले रेकॉर्डर आहेत. लंडनला अठराव्या शतकाच्या सुरुवातीला पिंजऱ्यातल्या पाखरांना चाली शिकवण्यासाठी पुस्तक निघालं होतं, कारण लहान वाद्याचा स्वर पाखराच्या गळ्याजवळ जातो. हे वाचलं त्याच आठवड्यात समोरच्या जोशींच्या लव्हबर्ड्सची तालीम सुरू झाली. पहाटे साडेपाचला, गॅलरीतून गॅलरीत, पीव्हीसी पाइपच्या एकवीरावर भूप. पाखरं काही शिकली नाहीत. जोशींना मात्र भूप ओळखता येऊ लागला.

खरं दुखणं अंगुळाचं. ज्यानं उभ्या आयुष्यात मिलिमीटरचा पन्नासावा भाग सोडला नाही, त्याच्या नशिबी बोटानं मोजणारा गुरू आला. बोट कुणाचं? नानांचं बोट लेथनं रुंद केलेलं. त्या मापाची बासरी एका स्वरात बोलते, काकूंच्या बोटाची दुसऱ्याच. तेव्हा सरासरी काढायची! म्हणून दारात दूधवाला येवो, मीटर रीडिंगवाला येवो, की वर्गणीची मुलं, नानांचं पहिलं वाक्य : “बोट द्या बघू!” कॅलिपर लागतो, आकडा वहीत जातो, मगच वर्गणी. आमच्या गल्लीतल्या प्रत्येकाला रक्तगट माहीत नसेल, अंगुळ तोंडपाठ आहे.

परवा जोशींच्या मुलीला बघायला पाहुणे आले. पोह्यांच्या बश्या फिरत होत्या, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. नाना सहज डोकावले, मुलाजवळ बसले, त्याचा हात हातात घेतला. “एकोणीस पॉइंट चार. उत्तम!” नाना वहीत लिहून निघूनही गेले. मुलाच्या आईचा चेहरा खुलला. इतक्या लगेच होकार येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. अंगठीचं माप घ्यायला सराफच घरी बोलावलाय, असा त्यांचा समज झाला होता. जोशींनी तो दुरुस्त करायच्या आत त्यांनी पेढ्यांचा पुडा फोडला.