मेड इन चायना बायबल

किंमत 59 डॉलर 99 सेंट. आत बायबल. त्याच बांधणीत अमेरिकेची राज्यघटना, स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि एका देशभक्तीपर गाण्याचं धृपद. 2024 च्या निवडणुकीआधी डोनाल्ड ट्रम्प यांनी स्वतः जाहिरात केलेला हा ऐवज.

असोसिएटेड प्रेसने कस्टमचे कागद उकरले. छपाई चीनमधल्या हांगझौची, प्रत पडली तीन डॉलरच्या आत.

चीनच्या मालावर जकात लावा म्हणणाऱ्यांचा देव आला चीनहूनच.

धर्माने राजकारणापासून चार हात लांब राहावं म्हटलं की मंडळी खवळतात. आमच्या श्रद्धेचं तोंड बांधता? छे हो! तोंड मोकळं राहावं म्हणूनच तर सांगायचं. तोंडात पेढा कोंबलेला असला की खडसावणार कसं?

जेरी फॉलवेल आठवतात? 1965 मध्ये या बाप्टिस्ट पाद्र्यांनी प्रवचनात बजावलं, की पाद्र्याचं काम आत्मे वाचवायचं, राजकारण करायचं नव्हे. रोख पाद्रीच असलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांच्याकडे. किंग तेव्हा काळ्यांच्या मतदानाच्या हक्कासाठी अलाबामात रस्त्यावर उतरले होते. 1979 उजाडलं आणि 'मॉरल मेजॉरिटी' नावाची राजकीय संघटना निघाली. संस्थापक? हेच फॉलवेल.

आपला तो बाब्या.

लगेच 1980 ची निवडणूक. एकीकडे जिमी कार्टर, चर्चच्या रविवारच्या शाळेत बायबल शिकवणारे. दुसरीकडे रोनाल्ड रेगन, हॉलिवूडचे माजी नट, घटस्फोटित. नीतिमान मंडळींनी कोणाला उचलून धरलं, हे सांगायला हवं?

आता एक आकडा. खासगी आयुष्यात अनीतीने वागलेला नेता सार्वजनिक काम नीतीने करू शकेल का? पीआरआरआय या संस्थेने विचारलं. 2011 मध्ये गोऱ्या इव्हँजेलिकल ख्रिस्तींपैकी 30 टक्के 'हो' म्हणाले. 2016 मध्ये 72 टक्के.

मधल्या काळात बायबल बदललं नव्हतं. उमेदवार बदलला होता.

म्हणजे किंग राजकारण करत नव्हते? करत होते की! पण मतदान हक्काच्या कायद्यावर सही करणाऱ्या अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनाच त्यांनी 1967 मध्ये व्हिएतनामवरून जाहीरपणे सुनावलं. उपकाराची जाण ठेवली नाही म्हणा हवं तर. उलट धर्मप्रचारक बिली ग्रॅहम हे अध्यक्ष निक्सन यांच्या खास बैठकीतले. 1972 च्या टेपा 2002 मध्ये बाहेर आल्या, तेव्हा ज्यूंबद्दल ओव्हल ऑफिसात आपण काय काय बोललो होतो याची माफी म्हाताऱ्या ग्रॅहमना मागावी लागली.

राजकारणात उतरून धर्माचा फायदा काहीच झाला नाही, असंही नाही. गर्भपाताच्या हक्काचा 1973 चा निकाल 2022 मध्ये उलटला. गड आला. सिंहाचं काय? प्यू संस्थेच्या पाहणीत 2007 मध्ये 78 टक्के अमेरिकन स्वतःला ख्रिस्ती म्हणवत होते, 2023-24 मध्ये 62 टक्के. कारणं पुष्कळ असतील. पण पोरंसोरं चर्चला पक्षाची शाखा समजू लागली, तर दोष पोरांचा?

जून 2020. व्हाइट हाउससमोरचे निदर्शक पोलिसांनी पिटाळले आणि थोड्याच वेळात ट्रम्प सेंट जॉन्स चर्चपुढे बायबल उंचावून उभे राहिले. उघडलं नाही, प्रार्थना नाही. वार्ताहराने विचारलं, हे तुमचंच का? उत्तर आलं, बायबल आहे एक. फोटो झाला, मंडळी घरी. हे चर्च ज्यांच्या अखत्यारीत, त्या बिशप मॅरिअन बडी यांना कोणी विचारलंही नव्हतं.

जानेवारी 2025 मध्ये मात्र गाठ पडली. वॉशिंग्टनच्या कॅथेड्रलमध्ये ट्रम्प पुढच्या रांगेत, बडी व्यासपीठावर. भेदरलेल्या स्थलांतरितांवर दया करा, असं त्यांनी शांतपणे तोंडावर सांगितलं. ट्रम्प यांनी माफीची मागणी केली. बडींनी मागितली नाही.

कशाला मागतील? परत करण्यासारखं त्यांनी काही घेतलंच नव्हतं.