पट्टी तुमची, डोळे आमचे

मोबाइल ॲपच्या माथ्यावरची रंगीत पट्टी ही जाहिरातीची जागा नाही. आपण कुठल्या पानावर आहोत, मागे कसं जायचं, मेनू कुठे आहे, हे ती सांगते. तिच्यावरचं दिसलं नाही की माणूस ॲपमध्ये अडकतो. तरीही रंग ठरवायच्या बैठकीत प्रश्न एकच असतो: आपल्या लोगोचा रंग कोणता?

लोगो केशरी, म्हणून पट्टी केशरी, वर अक्षरं पांढरी. आता हिशेब करा. तिरंग्याच्या चित्रांत सर्रास दिसणारा केशरी घ्या: लाल २५५, हिरवा १५३, निळा ५१. डब्ल्यूसीएजी हे सुलभतेचे नियम जगभर मानले जातात. ते म्हणतात, साध्या आकाराचं अक्षर आणि त्यामागचा रंग यांच्या उजळपणाचं प्रमाण किमान ४.५ ला १ हवं. मोठ्या अक्षरांना आणि चिन्हांना ३ ला १ चालेल. या केशरीवर पांढऱ्याचं प्रमाण येतं २.१३. म्हणजे सवलतीच्या परीक्षेतही नापास! त्याच केशरीवर काळं अक्षर ठेवा, आकडा थेट ९.८६ वर जातो. भडक पिवळ्यावर पांढरं लिहिलंत तर १.०७, ते लिहिलं काय आणि न लिहिलं काय.

बरं, पडद्यावर ऊन पडलं की उरलासुरला फरकही पुसला जातो. भर दुपारी एसटी स्टँडवर तिकीट शोधणारी बाई, मोतीबिंदू असलेले आजोबा, काचेला तडे गेलेला स्वस्त फोन वापरणारा डिलिव्हरीवाला: ॲप यांच्याच हातात असतं. रंग मात्र एसी खोलीत, महागड्या मॉनिटरवर पास होतो. टॅक्सी-रिक्षाच्या पिवळ्या नंबरप्लेटवर काळेच आकडे लागतात, कारण ते लांबून वाचायचे असतात. आरटीओला जे कळतं ते डिझायनरला कळू नये?

दोष एकट्या डिझायनरचा नाही. घड्याळ आणि बॅटरी दाखवणारी अगदी वरची पट्टी हवी तशी रंगवायची मुभा अँड्रॉइडने २०१४ मध्ये, ५.० आवृत्तीत दिली. तिच्यावरची चिन्हं गडद करण्याची सोय मात्र आली पुढच्या वर्षी, ६.० मध्ये, खालच्या बटणांच्या पट्टीसाठी तर २०१७ चं ८.० उजाडावं लागलं. रंग आधी, वाचता येणं नंतर! ॲपलने २०२१ मध्ये आयओएस १५ आणताना मजकूर वर टेकलेला असला की ॲपच्या शीर्षकाची पट्टी आपोआप पारदर्शक होईल असं ठरवलं. ज्यांनी जुन्या पद्धतीने रंग दिला होता त्यांची पट्टी गायब झाली, आणि पांढरं शीर्षक पांढऱ्या पानावर हरवलं. आता अँड्रॉइड १५ साठी बांधलेल्या ॲपमध्ये घड्याळाच्या पट्टीला दिलेला रंग फोन जुमानतच नाही. मजकूर काठापर्यंत पसरतो. चिन्हं उठून दिसतील एवढं पाहणं तेवढं ॲपवाल्याच्या हाती राहिलं. मला हे बरंच वाटतं.

ओळख पुसेल ही भीतीही फोल आहे. व्हॉट्सॲपने २०२४ मध्ये अँड्रॉइडवरची आपली हिरवी पट्टी पांढरी केली. म्हणून कुणी व्हॉट्सॲप ओळखायचं थांबलं नाही.

३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. प्रकरण केवायसीचं होतं. ते ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन व्यक्तींनी न्यायालयात नेलं होतं. तेव्हा बँकेच्या किंवा सरकारी ॲपचा रंग मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याने सहीआधी एकच आकडा मागावा: अक्षर आणि पट्टी यांचं प्रमाण किती? ४.५ च्या खाली असेल तर फाइल परत पाठवावी.