शहराचा कचरा कसा हाताळावा : नव्या साहेबांसाठी

बदली घनकचरा विभागात झाली? घाबरू नका. ही शिक्षा आहे असं म्हणणाऱ्यांनी या खात्याच्या निविदा पाहिलेल्या नसतात.

१. आधी धोरण लिहा. कचरा मुळात कमी करा, वस्तू पुन्हा वापरा, पुनर्प्रक्रिया करा, उरेल तेवढाच पुरा. हा क्रम अहवालात वरून खाली वाचायचा, अंदाजपत्रकात खालून वर.

२. वर्गीकरणाची सक्ती करा. २००० सालच्या नियमांतही ते होतंच. २०१६च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग पाडले. हिरवे-निळे डबे वाटा, घंटागाडीत मधोमध पत्रा ठोका. काकू दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून सुक्या कप्प्यात टाकतील. पुढच्या चौकात दोन्ही कप्पे एकाच कॉम्पॅक्टरमध्ये रिकामे होतात, हे त्यांच्या गॅलरीतून दिसता कामा नये. एवढं सांभाळा.

३. कंत्राट टनावर द्या. सगळी मेख इथे आहे. कचरा घटला तर कंत्राटदाराने डंपरचे हप्ते कुठून भरायचे? म्हणून घरच्या घरी खत करणाऱ्या सोसायटीला प्रशस्तिपत्र पुरे. वजनकाट्यावर राडारोडा आला तर नाक मुरडू नका. उघड्या गाडीवर पाऊस पडला, तर भरपूर पडो.

४. कचरावेचकांपासून सावध. ते प्लास्टिक, पुठ्ठा परस्पर भंगारात घालतात आणि आपलं वजन घटवतात. पुण्यात ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था दारोदार कचरा गोळा करते. पण अभ्यासदौऱ्याला पुणे फार जवळ पडतं. सिंगापूर बघा.

५. जागा शहराबाहेर शोधा. देवनार १९२७ पासून मुंबईचा कचरा घेतंय. तेव्हा तेही बाहेरच होतं. २०१६च्या जानेवारीत तिथे आग लागली आणि धूर शहराने हुंगला. तेव्हाच्या औरंगाबादेत फेब्रुवारी २०१८मध्ये नारेगावच्या कचरा डेपोजवळच्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, कचरा रस्त्यावर साचला. खेड्यातली माणसं हल्ली फार तापट झालीत. गाड्या रात्री पाठवा.

६. स्वच्छता सर्वेक्षणाचं पथक येण्याआधी उकिरड्यावर रांगोळी काढा, सेल्फी पॉइंट करा.

७. तरीही डोंगर झालाच, तर बायोमायनिंगची, म्हणजे जुना कचरा उपसून वेगळा करण्याची, निविदा काढा. तीही टनावरच. उपसा अलीकडून चालू असताना नव्या गाड्या पलीकडून सोडा.