पावती न मागणारा माणूस

मनुष्याला आपले नाव बदलता येते, वेष पालटता येतो, प्रसंगी मिशा वाढवता किंवा उतरवता येतात. परंतु महिनाअखेरीस पदरात पडणारा मुशाहिरा आणि पुढील पंधरवड्यात त्या मुशाहिऱ्याची उडणारी त्रेधा या दोन गोष्टी शेजाऱ्यापाजाऱ्यांपासून लपवून ठेवण्याची विद्या पृथ्वीतलावरील कोणत्याही राज्यसंस्थेला अद्याप साधलेली नाही, असे माझे नम्र मत आहे. आणि उमेदीचा सारा काळ कोषागारात इतरांच्या पगाराची बिले तपासण्यात गेल्यामुळे हे मत बाळगण्याचा मला थोडाबहुत अधिकारही पोहोचतो. हेरकथांतील नायक विमानातून उडी टाकतो, सांकेतिक लिपी उलगडतो, शत्रूच्या तळघरातून निसटतो. पण विम्याच्या अर्जावर ‘व्यवसाय’ या रकान्यात त्याने काय लिहिले आणि गृहकर्जासाठी कोणत्या कचेरीचा दाखला जोडला, याविषयी ते ग्रंथ मौन पाळतात. जमाखर्चात मुरलेल्या माणसाचे कुतूहल नेमके तेथेच अडकून पडते.

आर्य चाणक्यांना मात्र या प्रश्नाचे गांभीर्य पुरते ठाऊक होते. अर्थशास्त्राच्या पाचव्या अधिकरणात राजसेवकांच्या वेतनाची जी मोईन बांधून दिली आहे, तीत मंत्री-पुरोहितांना 48,000 पण लावून दिल्यावर आचार्य यथावकाश गूढपुरुषांकडे वळतात, आणि विद्यार्थी, संन्यासी, शेतकरी, व्यापारी व तपस्वी यांच्या वेषात बसणाऱ्यांना 1,000 पण, तर मारेकरी, विषप्रयोग करणारे व भिक्षुकी यांना 500 पण अशी प्रतवारी लावतात. जीव धोक्यात घालून विष कालवणाऱ्यापेक्षा डोळे मिटून बसणाऱ्याला दुप्पट वेतन, हे वाचून सरकारी नोकरीचे मर्म तेव्हाही हेच होते याची खात्री पटते. धंदा बुडालेला शेतकरी गृहस्थ-हेर म्हणून नेमावा, अशीही त्यांची सूचना आहे. ही अर्हता ठेवून आज वऱ्हाडात भरती काढली, तर अर्जांची छाननी करता करता खाते मेटाकुटीस येईल. तपस्व्याने चारचौघांत महिन्या-दोन महिन्यांनी मूठभर जव किंवा भाजीपाला खावा आणि गुप्तपणे मात्र हवे ते यथेच्छ जेवावे, हीदेखील त्यांचीच आज्ञा. पण ते गुप्त जेवण रांधायला तूप कोणाच्या दुकानातून आले, आणि उपाशी साधूच्या मठात दरमहा इतके तूप कसे खपते हे त्या दुकानदाराने आपल्या बायकोला सांगितले की नाही, याचा खुलासा आचार्यांनी केलेला नाही.

आजचा गुप्तवार्ता विभाग 1887 पासूनचा. म्हणजे साहेबाने लावलेले हे रोप प्रजासत्ताकातही चांगले फोफावले आहे. त्याची नोकरभरती वर्तमानपत्रांतून जाहीर होते. सहायक केंद्रीय गुप्तवार्ता अधिकाऱ्याच्या जाहिरातीत 44,900 ते 1,42,400 अशी वेतनश्रेणी आणि वर मूळ वेतनाच्या 20 टक्के विशेष सुरक्षा भत्ता असा मजकूर मी स्वतः डोळ्यांनी वाचला आहे. म्हणजे माणूस गुप्त, काम गुप्त, ठिकाण गुप्त. फक्त पगार तेवढा साऱ्या मुलुखाला ठाऊक! माहितीच्या अधिकाराच्या 2005 च्या कायद्याने या खात्याला दुसऱ्या अनुसूचीत बसवून सामान्यतः प्रश्नोत्तरांतून मोकळे केले आहे खरे, परंतु मुलीच्या बापाला कोणताच कायदा लागू होत नाही. सोयरीक जुळवताना मुलगा ‘दिल्लीला, गृहखात्यात’ असे सांगतो, जे अक्षरशः खरे असते, त्यावर भावी सासरा सुपारी कातरत विचारतो, “गृहखात्यात म्हंजे नेमकं काय करता, बापू?” “फायली पाहतो.” “कायच्या फायली?” यावर मुलगा खिडकीबाहेर बघतो, सासरा मान डोलावून “समजलं बाप्पा, समजलं” म्हणतो, आणि संध्याकाळच्या आत चार गावांतील नातलगांना जावई हेर असल्याची वार्ता, कोणाला न सांगण्याच्या अटीवर, पोहोचती होते. राहता राहिले प्राप्तिकर खाते. शत्रूच्या हातावर तुरी देणाऱ्या वीरालाही तेथे आपले विवरणपत्र मुदतीत दाखल करावेच लागते.

हा सारा प्रपंच मला सुचला तो सेमाडोहला. परतवाड्याहून धारणीकडे जाणारी सडक घटांग ओलांडून वळणे घेत सिपना नदीच्या खोऱ्यात उतरते, तेथे मेळघाटच्या सागवनात हे गाव वसले आहे. निवृत्तीनंतर हवापालटाच्या निमित्ताने मी तेथे वरचेवर जाऊन राहतो. मध्यंतरी असाच गेलो असता गावात एक नवे गृहस्थ खोली घेऊन राहिलेले आढळले. मधमाश्यांचा अभ्यास करतो, असे ते सांगत. परंतु एका कोरकू म्हाताऱ्याने आग्या मोहोळाविषयी सहज चार गोष्टी विचारल्या, तेव्हा त्यांनी वहीत काहीतरी टिपून घेत ‘उद्या सांगतो’ असे उत्तर दिले, आणि तो उद्या काही उजाडला नाही. तरीही गावाने त्यांच्या मधमाश्यांना हरकत घेतली नाही. गावाचे लक्ष त्यांच्या पैशांकडे होते.

सडकेवरच्या ज्या हॉटेलात ते चहा घेत, त्याच्या मालकाने एके दिवशी गल्ल्यावर कोपर टेकून मला आपला निष्कर्ष ऐकवला. “पाहा भाऊ, ह्या मानसाचा पगार महिन्याच्या आखरीच्या दिवशी येते. म्हंजे मानूस सरकारी, अन् तोबी दिल्लीचा. पन रबडी घेवो की जेवन करो, पावती मांगत नाई. सरकारी मानूस दौऱ्यावर आला अन् पावती मांगत नाई, असं तुमी जन्मात पाह्यलं काय? मंग तो साधा सरकारी नाई.”

मी थक्क झालो. कारण कोषागारातील जे रहस्य उमजायला आम्हाला खात्यांतर्गत परीक्षा द्याव्या लागल्या, ते या गृहस्थाने रबडी ढवळता ढवळता हस्तगत केले होते. सामान्य कचेरीत टाचण्यांची एक डबी घेतली तरी तिची पावती चिकटवावी लागते, आणि ती गहाळ झाल्यास लेखापरीक्षक त्या डबीपायी दोन-दोन वर्षे पत्रव्यवहार चालवतात. याउलट गुप्त सेवा निधीचा खर्च असा पुण्यवान की त्याच्या तपशीलवार पावत्या लेखापरीक्षकापुढे मांडाव्या लागत नाहीत. रक्कम योग्य कारणी लागली, अशा अर्थाचे जबाबदार अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र पुरते. तेव्हा ज्याला पावतीची वासना उरलेली नाही, तो एक तर जीवन्मुक्त असावा, नाहीतर त्या निधीवर जगणारा. सेमाडोहने दुसरा पर्याय स्वीकारला.

सेमाडोहची नजर या बाबतीत तयार आहे, त्यालाही कारण आहे. 1974 साली मेळघाट व्याघ्रप्रकल्प झाला तेव्हापासून वाघाच्या मागे शिकारी, शिकाऱ्यांच्या मागे वनखाते आणि वनखात्याच्या पदरी खबरे, अशी ही साखळी रानात चालत आली आहे. 2013 साली येथे वाघांच्या शिकारीचे मोठे प्रकरण उघडकीस आल्यानंतर तर शिकाऱ्यांच्या मोबाइलचा माग काढणारा सायबर कक्षही उभा राहिला. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 60-अ प्रमाणे गुन्ह्याचा छडा लावण्यास साहाय्य करणाऱ्याला आरोपीच्या दंडातून निम्म्यापर्यंत बक्षीस देण्याचा हुकूम न्यायालय करू शकते. बक्षीस मिळवणे एक वेळ सोपे. ते खर्चणे महाकठीण. तेंदूपत्ता किती तोडला, मोह किती वेचला, रोजगार हमीवर किती दिवस भरले, हे ज्या गावात प्रत्येकाचे प्रत्येकाला तोंडपाठ, तेथे खबऱ्याने दोन बकऱ्या घेतल्या तरी त्या कोठून आल्या याची चौकशी बकऱ्या दावणीला बांधण्यापूर्वी पूर्ण होते. अशाच एकाने ‘मामाने दिल्या’ असे सांगून वेळ मारून नेली. पण पुढच्याच बाजाराला तो मामा भाच्याकडे उसने पैसे मागायला सेमाडोहात हजर झाला.

सातासमुद्रापलीकडची कथा याहून निराळी नाही. अमेरिकेच्या सीआयएमधील ऑल्ड्रिच एम्स या अधिकाऱ्याने रशियनांना आपल्याच हेरांची नावे विकली, सुमारे 60,000 डॉलर वार्षिक वेतनावर 5,40,000 डॉलरचे घर रोख पैसे मोजून घेतले, कचेरीत जग्वार गाडीतून जाऊ लागला, आणि तरीही 1994 पर्यंत बाहेर राहिला. जगाची गुपिते उकलणाऱ्या त्या प्रचंड खात्याला दाराशी उभी असलेली मोटार उमगायला वर्षे लागली. एम्सने ते घर सेमाडोहात घेतले असते, तर वास्तुशांतीच्या पंगतीतच पंचनामा झाला असता.

आमच्या मधमाशीवाल्यांना कोणी तरी ही गोम समजावली असावी. कारण हळूहळू ते सुधारले. त्यांनी हॉटेलात उधारी मांडली. किराण्याच्या वहीत त्यांच्या नावाचे पान उघडले, बाकी पुढच्या महिन्यावर ढकलली जाऊ लागली, आणि होळीनंतर फगव्यासाठी कोरकू मंडळींनी सडकेवर त्यांची गाडी अडवली तेव्हा त्यांनी दहाची नोट देऊ की वीसची यावर अस्सल स्थायिक माणसासारखी घासाघीसही केली. ऋण ही या मुलखातील सर्वांत जुनी ओळखपत्रिका आहे. ज्याची कोणाकडेच बाकी नाही, त्याच्याविषयी वऱ्हाडात वाईट शंका घेतात.

परंतु एव्हाना उशीर झाला होता, कारण गावाला सर्व काही कळून चुकले होते. नवल एवढेच की ते त्यांना कोणीही कळू दिले नाही. कोणी नवखा टपरीवर ‘हे कोण?’ असे विचारी, तेव्हा हॉटेलवाला निर्विकार मुद्रेने “मधमाश्यावाले सायेब” असे सांगे. आणि आग्या मोहोळाचा तो कोरकू म्हातारा तर परक्या माणसासमोर त्यांना मुद्दाम सोपे प्रश्न विचारी. ज्याला गुपित ठेवण्याचा पगार मिळत होता त्याच्याकडून ते पहिल्याच महिन्यात फुटले, आणि ज्यांना दमडी मिळत नव्हती त्यांनी ते इमानेइतबारे सांभाळले. तेव्हा तो 20 टक्के विशेष सुरक्षा भत्ता त्या गृहस्थांच्या पगारातून वेगळा काढून सेमाडोह ग्रामस्थांच्या नावे वर्ग करावा, असा अर्ज मी तयार केला आहे. तो कोणत्या कचेरीकडे धाडावा हे मात्र कोणी सांगत नाही, हॉटेलवाल्याला ठाऊक आहे, पण तो म्हणतो, “ते गुप्त हाये, भाऊ.”