प्रतिपूर्ती कशी मागावी

ज्यांस राज्य सरकारच्या चाकरीचे भाग्य लाभले आहे आणि ज्यांचे बिऱ्हाड पारशिवनी तालुक्यातील कन्हान या गावी आहे, त्यांनी आजारी पडण्यापूर्वीच 'प्रतिपूर्ती' या शब्दाचा यथाविधी प्रयोग शिकून घ्यावा; कारण तापात व्याकरण सुचत नाही. नुकसान झाले तर भरपाई मागतात, कर्ज घेतले तर परतफेड करतात, खर्चाआधीच सरकारातून उचल मिळाली तर दफ्तरी भाषेत तिला तसलमात म्हणतात. परंतु जो पैसा आपण प्रथम स्वतःच्या, आणि तो रिकामा निघाल्यास मेहुण्याच्या खिशातून वेचतो व मागाहून सरकारकडे मागतो, त्यासच प्रतिपूर्ती ही संज्ञा शोभते. म्हणजे अर्जदार हा याचक नसून सरकारचा बिनव्याजी सावकार आहे. हे तत्त्व मनात दृढ धरावे, मात्र कारकुनाच्या टेबलापाशी उच्चारू नये.

शेजारचा गृहस्थ वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणीत असेल, तर त्याच्या कंपनीचे स्वतःचे दवाखाने असल्यामुळे त्यास ही विद्या तितकीशी लागत नाही. त्याचा हेवा करू नये.

खासगी रुग्णालयात दाखल व्हावयाचे असल्यास रोगाची निवड विचारपूर्वक करावी. 19 मार्च 2005 च्या शासन निर्णयात 27 आकस्मिक व 5 गंभीर आजारांची सूची दिलेली आहे, आणि छातीत कळ आली असता डॉक्टरांआधी ही सूची चाळणारा इसम दूरदर्शी समजावा. घरी परतल्यावर देयके, औषधांच्या पावत्या, डॉक्टरांच्या सहीशिक्क्याची प्रमाणपत्रे आणि विहित प्रपत्रे यांची चळत कार्यालयात दाखल करावी. तेथून ती तपासणीसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जाते, दर मान्य झाल्यावर मंजुरीसाठी परत फिरते, आणि अनुदान शिल्लक असल्यास कोषागाराचे दर्शन घेते. आपण मात्र कन्हानचा पूल ओलांडून, कामठीमार्गे, वरचेवर नागपूर गाठावे व तिची खुशाली विचारावी. या येरझाऱ्यांचे भाडे देयकात बसत नाही.

शब्द वाक्यात योजताना 'माझी प्रतिपूर्ती प्रलंबित आहे' हा प्रयोग निर्दोष होय. 'झाली' हे रूप शुद्ध असले तरी विरळा आढळते, आणि 'केव्हा होईल?' हा प्रश्न उद्धट मानला जातो.

या सावकारीत आपण एकटे नाही, एवढे समाधान आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 12 अन्वये ज्या खासगी विनाअनुदानित शाळा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना पंचवीस टक्के जागा देतात, त्यांनाही शासनाकडून प्रतिपूर्तीच मिळावयाची असते. तीही शासनाचा दर मूल खर्च आणि शाळेचे शुल्क यांपैकी जी रक्कम कमी असेल तीच. इतक्या नम्र अटींवर कर्ज देणारा सावकार कोणत्याही बाजारपेठेत मिळणार नाही.

मूळ पावत्या हवाली करण्यापूर्वी प्रत्येकीची छायाप्रत काढून ठेवावी, आवक क्रमांक टिपून घ्यावा, आणि मेहुण्याशी संबंध सलोख्याचे राखावेत.