शेंड्याची सद्दी

काचेच्या टाकीत वाढणाऱ्या पाणवनस्पतींत खोडवाल्यांचा एक मोठा वर्ग आहे. सरळ खोड, त्यावर थोड्याथोड्या अंतराने पेरे आणि पेरापेरावर पानांची जोडी किंवा झुपका. रोटाला, लुडविजिया, हायग्रोफिला, अंबुली, कबोम्बा ही यातली नेहमीची मंडळी. आपली ब्राह्मीही यातलीच. स्मरणशक्तीसाठी तिची ख्याती असली, तरी आपल्याला वेळेवर कापावे याची आठवण ती टाकीमालकाला करून देत नाही.

रंगीत माशांच्या दुकानात या वनस्पती बहुधा बुडाशी शिशाची पट्टी गुंडाळलेल्या जुडीत मिळतात. नवखा गिऱ्हाईक ती जुडी पट्टीसकट वाळूत खुपसतो आणि बागकाम आटोपले असे जाहीर करतो. मग जुडीच्या पोटात उजेड पोचत नाही आणि आतली पाने कुजतात. वरचे शेंडे मात्र दिव्याच्या दिशेने धावत पाण्याच्या पृष्ठभागाला भिडतात, तिथे आडवे पसरतात आणि खाली उरलासुरला उजेडही येऊ देत नाहीत. वरून पाहिले तर जंगल, समोरून पाहिले तर काड्या. दुर्दैवाने पाहुणे टाकी समोरूनच पाहतात.

या उभ्या वाढीचे कारण शेंड्यात असते. तिथे ऑक्सिन नावाचे संप्रेरक तयार होते, ते खोडातून खाली उतरते आणि पानांच्या बगलेतले डोळे फुटू देत नाही. थिमन आणि स्कूग या शास्त्रज्ञांनी 1933 मध्ये बाकला या शेंगवर्गीय रोपाचा शेंडा उडवून जखमेवर ऑक्सिन ठेवले, तेव्हा शेंडा नसतानाही खालचे डोळे मुकाट बसून राहिले. साहेब नव्हते, पण साहेबांची सही होती. पुढे 2014 मध्ये वाटाण्यावरच्या संशोधनातून असे दिसले, की वाढता शेंडा साखरही मोठ्या प्रमाणात ओढून घेतो. तो कापला की ती साखर डोळ्यांकडे वळते आणि ऑक्सिनची पातळी तिथे उतरण्याआधीच डोळे हलू लागतात. म्हणजे या दडपशाहीत खाबूगिरीचाही वाटा होता. शेंडा कायमचा गेला, की खालच्या पेराचे दोन डोळे एकदमच प्रभारी होतात आणि काही दिवसांत आपापल्या खालच्यांना दाबू लागतात. म्हणून छाटणी एकदा करून भागत नाही. शेवंतीचा किंवा तुळशीचा शेंडा खुडणाऱ्याला यातले काहीच नवे नाही. फक्त इथे बाह्या वर कराव्या लागतात.

काप पेराच्या किंचित वर घ्यावा. पेराच्या खाली कापले तर डोळे कापलेल्या तुकड्याबरोबर जातात आणि वरचे उघडे कांडे नुसते कुजते. खरा प्रश्न उंचीचा. नवे फुटवे कापाच्या जवळूनच निघतात, त्यामुळे झुडूप जेवढे उंच हवे त्याच्या साधारण निम्म्यावर पहिला काप हवा आणि पुढचा प्रत्येक काप आधीच्यापेक्षा थोडा वर. इथे बहुतेकांचा हात कचरतो. एवढी वाढवलेली वनस्पती निम्मी कापायची या कल्पनेने ते वरचे बोटभर टोक तेवढे उडवतात. फुटवे मग तिथेच, पृष्ठभागाशी येतात आणि खालच्या काड्यांवर आता दुप्पट दाट सावली पडते. भित्र्या कात्रीने झुडूप होत नाही, छत्री होते.

बुडखा फारच उघडा पडला असेल, त्यावर शेवाळ चढले असेल, तर दुसरा मार्ग: दहा ते पंधरा सेंटिमीटरचे शेंडे कापून घ्यायचे, जुनी खोडे उपटून टाकायची आणि शेंडेच नव्याने लावायचे. खालच्या दोन पेरांची पाने काढावीत. मुळे त्याच पेरांतून फुटतात आणि गाडलेली पाने सडण्यापलीकडे काही करत नाहीत. एकेक कांडी वेगळी, मध्ये बोटभर अंतर. हे सांगायला सोपे आहे. या वनस्पतींच्या खोडात हवेच्या पोकळ्या असतात, त्यामुळे त्यांचा नैसर्गिक कल तरंगण्याकडे असतो. चिमटा कांडी वाळूत नेतो आणि परतताना तिला सोबत घेऊन येतो. पाचवी कांडी बसवताना तिसरी सुटते, तिसरीमागे हात गेला की कोपर पहिलीला लागते, आणि सगळ्या बसल्या असे वाटेपर्यंत कोरीडोरस मासे वाळू चाळत त्या जागेची पाहणी करायला येतात. यावर उपाय एवढाच, की कांडी तिरपी व खोल खुपसावी, चिमटा अलगद उघडावा, जरासा हलवावा आणि तिरपाच मागे घ्यावा. कोरीडोरसवर उपाय नाही.

डच पद्धतीच्या टाक्यांत असे पुनर्रोपण सतत चालते. तिथे समोरून मागे पायरीपायरीने चढत जाणाऱ्या रोपांच्या पट्ट्याला ‘लायडन स्ट्रीट’ म्हणतात. एकही कांडी पायरी सोडून वाढली की रस्ता बिघडतो. जपानचे ताकाशी अमानो (1954–2015) यांच्या ‘निसर्ग’ शैलीत मागची झुडपे पुन्हापुन्हा छाटून गोलसर केली जातात. निसर्गासारखे दिसण्यासाठी कात्री लागते ती अशी.

व्हॅलिस्नेरिया, अॅमेझॉन सोर्ड आणि क्रिप्टोकोरीन यांना हा उपचार लागू नाही. त्यांची पाने बुडाच्या गड्ड्यातून निघतात. पान अर्धे कापले तर फुटवा येत नाही, कापलेली कड तेवढी तपकिरी पडते.

छाटणीआधी फिल्टर बंद ठेवावा, तरंगणारा कचरा जाळीने काढावा, शेवटी तिसरा हिस्सा पाणी बदलावे. सगळी टाकी एकाच दिवशी भादरू नये. पाण्यातले पोषण खाणारेच उरले नाहीत, की ते शेवाळ खाते.

राहतात जास्तीच्या कांड्या. पहिल्या खेपेस मित्र आनंदाने नेतात. पुढेपुढे ते फोन उचलत नाहीत. तरी त्या ओढ्यात किंवा तळ्यात टाकू नयेत. आपल्याकडची हायग्रोफिला पॉलिस्पर्मा टाक्यांच्या व्यापारातून फ्लोरिडाच्या कालव्यांत पोचली आणि अमेरिकेच्या उपद्रवी तणांच्या सरकारी यादीत बसली. परतफेड म्हणून अमेरिका खंडातली कबोम्बा केरळात पसरली. कोळिकोड जिल्ह्यात आवळपांडी इथे 2020 मध्ये तिच्या गुलाबी फुलांनी पाणी झाकून गेले, तेव्हा हे आक्रमण पाहायला लोकांनी गर्दी केली. कांड्या उन्हात कडक वाळवाव्यात आणि मग कुंडीतल्या खतात मिसळाव्यात.