श्वानसौंदर्यसंपादन : लघुनियमावली

ज्या छायाचित्रकारांचा सुगीचा काळ वसईच्या किल्ल्यात प्री-वेडिंग शूट करण्यात जातो आणि आषाढात मुहूर्त संपले की ज्यांच्या मनाला भूतदयेचा पाझर फुटतो, त्यांच्या मार्गदर्शनार्थ हे नियम लिहिले आहेत. ही मंडळी आमच्या कुत्र्यांच्या शेल्टरमध्ये मोठ्या उमेदीने येतात, 'आठवड्यात सगळी दत्तक जातात की नाही बघा' असं सांगतात आणि मे महिन्यात नवरीच्या चेहऱ्यावरून फिरवलेला हात रात्री लॅपटॉपवर कुत्र्यावरून फिरवतात.

नियम पहिला : कुत्र्याला गोरं करू नये. काळं कुत्रं दत्तक जायला अनेकदा वेळ लागतो, हे खरं. त्यात थोडा वाटा आपल्या गोरेपणाच्या वेडाचा आणि थोडा मोबाइलच्या कॅमेऱ्याचा. कॅमेरा समोरच्या उजेडाची सरासरी काढतो. काळं कुत्रं पांढऱ्या भिंतीपुढे बसवलं की भिंत सुरेख येते आणि कुत्र्याच्या जागी जीभ असलेला एक काळा डाग उरतो. मग संपादक ब्राइटनेसची पट्टी उजवीकडे ओढत सुटतात. कुत्रं राखाडी होतं, भिंत जळून जाते, आणि लोक विचारतात, 'ही जात कुठली?' उपाय सोपा आहे, फक्त त्यासाठी खाली बसावं लागतं. कुत्र्याला केळीच्या सावलीत, हिरव्या पानांपुढे आणावं. आपण जमिनीवर मांडी ठोकावी, म्हणजे डोळ्याला डोळा येतो. स्क्रीनवर त्याच्या तोंडावर बोट टेकवावं आणि बुबुळात आकाशाचा ठिपका चमकला की फोटो काढावा. फ्लॅश मारू नये. डोळे हिरवे चमकतात आणि सोसायटीतल्या मावशी अमावास्येच्या गोष्टी काढतात. नंतर फक्त 'शॅडोज' थोडे उचलावेत, केस वेगळे दिसू लागतील इतपतच. पँट मळेल. मळू द्यावी.

नियम दुसरा : कान पुरा करू नये. नसबंदी करताना, भूल असतानाच, भटक्या कुत्र्याच्या कानाचा छोटासा तुकडा काढतात. तेवढ्यावरून लांबूनही ओळख पटते आणि त्याच कुत्र्याला पुन्हा पकडून टेबलावर घेतलं जात नाही. रेबीजची लसही त्याच वेळी टोचतात. म्हणजे तो कान हे त्याचं प्रमाणपत्र. एका कलावंतांनी हीलिंग ब्रशने तो कान अखंड करून दिला आणि वर 'फुकट केलं' म्हणाले. हेच जुन्या व्रणांना आणि तुटक्या शेपटीला लागू. तीन पायांच्या कुत्र्याला चौथा पाय लावून देणारा मला अजून भेटलेला नाही, पण एआय आल्यापासून माझी झोप उडाली आहे.

नियम तिसरा : पावसाळ्यात आमच्याकडे जे जे झाकलेलं असतं, ते निळ्या ताडपत्रीने. तिच्याखाली पांढरं कुत्रं नीळ जास्त झालेल्या धोतरासारखं दिसतं. इथे मात्र संपादन जरूर करावं. नाक काळं आणि दात पांढरे दिसेपर्यंत रंग पिवळ्याकडे सरकवावा. फोटो खरा करण्यासाठीही पट्टी ओढता येते, हे यातून लक्षात यावं.

नियम चौथा : डोळ्यांत अश्रू घालू नयेत.

नियम पाचवा : मागे स्वित्झर्लंड लावू नये. किल्लाही लावू नये. कोल्डप्ले या बँडच्या 2016 सालच्या व्हिडिओत वसईचा किल्ला दिसला, तेव्हापासून त्या कमानींखाली कोणालाही उभं करतात. पोर्ट्रेट मोडने पार्श्वभूमी पुसण्याचाही मोह आवरावा. तो मोड मिशा खातो आणि कधी अख्खा कान. त्यापेक्षा शेजारी माणसाचा पाय दिसू द्यावा. कुत्रं गुडघ्याला लागतं की मांडीला, हे वन बीएचकेवाल्याला त्या पायावरून कळतं.

नियम सहावा : मे महिन्यात तोंड उघडं असलेलं कुत्रं हसत नसतं, धापा टाकत असतं. आधी पाणी, मग फोटो.

एवढी कटकट कशासाठी? फोटोवर भाळून बोरिवलीहून एखादं कुटुंब येतं आणि पिंजऱ्यांपुढे मोबाइल धरून विचारतं, 'हा कुठाय?' तो समोरच असतो, शेपटी हलवत, चांगला सावळा आणि कान कापलेला. मुलं हिरमुसतात. भिडेखातर नेलंच, तर काही दिवसांत 'घरात आजी आजारी आहे' म्हणून परत येतं. घर बघून परत आलेलं कुत्रं कोपऱ्यात तोंड करून बसतं, जेवायला बोलावलं तरी उठत नाही. त्याचे फोटो काढायला मात्र कोणी फिरकत नाही.

फोटोखाली 'निष्पाप जीव', 'देवाघरचं लेकरू' वगैरे लिहू नका. वय, अंदाजे वजन, लस, नसबंदी, मांजराशी पटतं का, एकटं ठेवलं तर भुंकतं का, एवढं लिहा. भुंकत असेल तर भुंकतं असंच लिहा. असंच कुत्रं हवं असलेला माणूस नालासोपाऱ्यात तळमजल्यावर राहत असतो.